थोरलीचे दोन्ही हात

—नाही नाही, त्या खुर्चीवर नको, ती डुगडुगते. दुकानात गिऱ्हाइकाला बसवायची खुर्ची होती ती, निम्म्या गावानं तिच्यावर बसून फोटो काढून घेतलेत, आता पाय गेलेत तिचे — इकडे पलंगावर बसा. पेटी खाली ठेवा की. नाही, मी हात लावत नाही. बर्फ आहे ना आत? मग असू दे मांडीवर. हां, तर तुमचं म्हणणं काय, की आमच्या दोघी नातींचं रक्त एकसारखं आलं. अहो, येणारच! जुळ्या आहेत मॅडम. एका पोटी, एका वेळी, एका पाळण्यात वाढलेल्या. त्यात एवढं दचकण्यासारखं काय आहे? ...काय? जुळ्यांचंसुद्धा इतकं सारखं येत नाही? आणि त्यातली एक एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठल्यावर तर नाहीच नाही? — असं. — असं होय. पाणी देऊ का तुम्हाला? ऊन आहे बाहेर.

ही घरात नाही, दातांच्या डॉक्टरकडे गेलीये, नाहीतर चहा चांगला मिळाला असता. मी केलेला चहा लोक दुसऱ्यांदा मागत नाहीत. एका अर्थी बरंच झालं ती नाही ते — म्हणजे तसं नव्हे, बाई चांगली आहे, पण तिच्या पोटात काही राहत नाही. समोरच्यानं नुसतं "काय मग?" म्हटलं की हिनं घरातलं सगळं ओतलंच. माझं तसं नाही. फोटोवाल्याला तोंड शिवून बसावं लागतं मॅडम. मुलगी बघायला पाठवायचे फोटो असतात, कुणाच्या गालावरचा डाग घालवायचा असतो, कुणाचं टक्कल झाकायचं असतं. उभ्या जन्मात या तोंडातून एक शब्द बाहेर गेला नाही. कोपऱ्यावरचा तो औषधवाला आहे ना, त्याच्या लग्नाआधीच्या फोटोतले केस मी ब्रशनं काढलेत, पण मी कधी कुणाला बोललो? ...हो, आत्ता बोललो. पण तुम्ही काय इथल्या नाही.

नाही, मुलींना आत्ता नको बोलवायला. आत चित्रं रंगवताहेत. ही पेटी दिसली ना, की धाकटी पलंगाखाली जाईल, आणि मग तिला ओढून काढायला वाकणार कोण? माझी कंबर ही अशी. तुम्ही परत टोचायला आलात, हे मला दार उघडल्या उघडल्याच कळलं. सरळ सांगा ना. ...आधी खात्री करायची आणि मगच टोचायचं? कसली खात्री? ...त्या दिवशी पहिली कोण आली आणि दुसरी कोण, याची? अहो, काय बोलताय! मी होतो ना सोबत. आईबापांना रजा मिळाली नव्हती, म्हणून मीच घेऊन आलो होतो दोघींना. माझ्या नजरेतून चूक होईल? लोकांना नाही कळत, त्यांच्या बाईंना नाही कळत, अहो, जन्मदात्या बापानं एकदा एकीलाच दोनदा आंघोळ घातली आणि दुसरी तशीच शाळेत गेली. पण मी! एवढे चेहरे बघितलेत मी भिंगाखालून. थोरली बघताना हनुवटी वर करते. धाकटी डोळे बारीक करते. संपलं. अंधारात सांगेन.

आणि सारख्या दिसण्याचे फायदेही असतात बरं का. शाळेच्या ओळखपत्राला फोटो हवे होते. धाकटी काही केल्या बसेना — हसवलं, रागावलो, चॉकलेट दाखवलं, छे! मग मी काय केलं, थोरलीचाच एक काढला आणि दोन प्रती छापल्या. एक हिच्या कार्डावर, एक तिच्या. वर्ष झालं, शाळेत कुणाला पत्ता नाही! आहे की नाही? — काय? — काय बघताय अशा? — नाही नाही नाही. ते फोटोचं झालं. फोटोचं वेगळं, रक्ताचं वेगळं. लगेच कुठल्या कुठे नेता तुम्ही.

तुमच्या त्या अभ्यासाबद्दल मला आदर आहे, हे आधी सांगून ठेवतो. तुमच्या मोठ्या सरांनी मला स्वतः समजावून सांगितलं होतं, अतिदक्षता विभागाच्या बाहेर, बाकावर बसून. घाईत होते, पण बसले. मी आपला प्रोटीन म्हटल्यावर अंडी, दूध आणि शेंगदाण्यांवर पोचलो होतो. तपासणीच्या आधीचा आठवडाभर हिनं दोघींना उकडलेली अंडी चारली — का, तर प्रोटीनची परीक्षा आहे, आपल्या पोरी मागे पडायला नकोत! थोरलीला आता अंडं नुसतं दिसलं तरी उमासे येतात. सरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं की आजोबा, हे ते नव्हे; हिला सांगायचं मात्र माझ्याकडून राहिलं. रक्तात ही प्रथिनं हजारो तऱ्हेची असतात. अंगात विषाणू शिरला की शरीर त्यांना कामाला लावतं. कुणी निरोप नेतं, कुणी विषाणूला जाऊन भिडतं, कुणी सगळं आटोपल्यावर "आता पुरे" म्हणून सांगतं. आणि काही मुलांच्यात हे "पुरे" म्हणणारंच वेळेवर पोचत नाही. मग भिडणारे थांबतच नाहीत, विषाणू राहिला बाजूला, आपल्याच फुफ्फुसाची नासधूस. बरोबर ना? बघा, लक्षात आहे माझ्या. कुठल्या मुलात कुठलं प्रथिन किती चढलं, किती उतरलं, ते एका थेंबातून मोजायचं. आजारात मोजायचं, बरं झाल्यावर परत मोजायचं, आणि ज्याला नुसती सर्दी होऊन गेली त्याच्याशी ताडून बघायचं. म्हणून तर तुम्हाला आमच्या पोरी सापडल्यावर लॉटरी लागल्यासारखं झालं. एक घर, एक विषाणू, पेलासुद्धा एकच. एक शिंकून मोकळी झाली आणि एक—

हो. एक तशी झाली.

दोघींना एकाच दिवशी ताप आला होता हो. दोघींना दाखवलं. दोघींना साधी सर्दी आहे म्हणून घरी पाठवलं. त्यांचा तरी काय दोष, मी म्हणतो, दोघी सारख्याच दिसत होत्या की! दोघींचं नाक सारखंच वाहत होतं. दुसऱ्या दिवशी थोरली आईस्क्रीम मागत होती आणि धाकटी... छाती अशी आत ओढली जायची, दर श्वासाला. मी तिला उचलून जिना उतरलो, या कंबरेनं. कंबर दुखतेय हे मला तिसऱ्या दिवशी आठवलं. सर म्हणाले, आजोबा, याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. उद्या दोन पोरं खोकत आली तर पहिल्याच दिवशी कळायला हवं, की याला घरी पाठवा आणि हिला ठेवून घ्या. मी म्हटलं, सर, घ्या. जे लागेल ते घ्या. मुलगा-सून विचारात पडले होते, मी त्यांना म्हटलं, करा सही. मीच म्हटलं. त्यामुळे मी आडकाठी करणारा माणूस नाही, हे तुम्ही लक्षात घ्या.

फक्त एक आहे. तुम्ही धाकटीचे हात बघितले होते का तेव्हा? तुम्ही नळ्या घेऊन यायचात, न्यायचात, तुम्हाला दोष देत नाही. पण शीर सापडायची नाही तिची. इथे बघ, तिथे बघ, मनगट बघ, पाय बघ. सुजून, काळंनिळं होऊन, टोचायला जागा म्हणून उरली नव्हती. आणि ती ओरडायचीसुद्धा नाही मॅडम. ओरडायला छातीत वारा लागतो. नुसती माझ्याकडे बघायची, की तू इथे उभा असून यांना काही म्हणत कसा नाहीस. घरी आली, खायला लागली, भांडायला लागली, सगळं झालं, पण पांढरा कोट दिसला की संपलं. परवा आमच्याकडे रंगारी आला पांढरा सदरा घालून, तर ही कपाटात. भिंत राहिली अर्धी.

त्यामुळे त्या दिवशी तुमच्याकडे यायचं म्हणजे मोठं संकटच होतं. सकाळपासून धाकटीनं घास घेतला नाही. बाहेर बाकावर माझ्या कोटाच्या आत तोंड घालून बसली होती. तुम्हाला आठवतंय ना, एकेकीलाच आत पाठवा म्हणालात. पडदा होता, तुम्ही नळ्यांवर चिठ्ठ्या लावत होतात, मान खाली. थोरलीला हाक मारलीत, ती गेली. तिचं आपलं नेहमीप्रमाणं — सुई किती लांब आहे, रक्त लालच का, परत देता का — सगळे प्रश्न विचारून आली. आणि दुसऱ्यांदा तर काय, हूं की चूं नाही! मला वाटलं आता तरी तोंड वाकडं करील, पण छे, शहाणी इतकी, कापूस लावलेला हात स्वेटरच्या बाहीत मागे लपवला आणि डावा हात पुढे—

...

पंखा मोठा करू का जरा?

...काय म्हणालो मी? नाही, तसं नाही म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणजे — दुसरी गेली तेव्हा. धाकटी. धाकटीनं हात— बरं, धाकटीच्या हाताला कापूस कुठून आला, असं तुम्ही विचारणार. मॅडम, तुम्ही वकील व्हायला हवं होतं, रक्तात काय ठेवलंय.

हे बघा, मी सांगितलं नव्हतं तिला. एवढं तरी माझं खरं माना. थोरली बाहेर आली, धाकटीकडे बघितलं. धाकटीच्या अंगाला कापरं भरलं होतं. थोरलीनं काही विचारलं नाही, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, धाकटीच्या अंगातला पिवळा स्वेटर उतरवला, स्वतः घातला, आणि तुम्ही हाक मारल्याबरोबर गेली आत. तुम्ही नाव विचारलंत, तिनं धाकटीचं सांगितलं. डोळे बारीक करून, अगदी तिच्यासारखे! नक्कल तरी किती हुबेहूब! मी बाकावरून पडद्याच्या फटीतून बघत होतो. उठायला हवं होतं. उठलो नाही. का उठू? आत एक पोर हसत हात पुढे करत होती आणि बाहेर एक माझ्या कोटात तोंड खुपसून थरथरत होती. तुम्ही काय केलं असतं? ...हो, तुम्ही उठला असता. तुम्ही शिकलेल्या आहात. मी आजोबा आहे.

आणि खरं सांगू, मला वाटलं काय फरक पडतोय. दोन थेंब इकडचे काय न् तिकडचे काय, जुळ्याच तर आहेत. ओळखपत्र चाललं की! तुमच्या त्या यंत्राला इतकं डोळ्यात तेल घालून बसायला कुणी सांगितलं होतं? माणसाला चेहरा बघून कळलं नाही, आणि यंत्राला थेंब बघून कळलं. तुम्हीसुद्धा, राग मानू नका, पण एका पोरीला तासाच्या आत दोनदा टोचलंत आणि ओळखलं नाहीत. दंडाला रबरी पट्टा बांधलात, शीर बघितलीत, चेहरा कुठे बघितलात? ...हो, हो, बरोबर आहे, चूक आमचीच. मी नुसतं म्हटलं. बोलण्याच्या ओघात येतं.

बरं झालं आता, कळलं ना? संपलं. ती एक नळी फेकून द्या. आमच्या धाकटीचं नाव खोडा. एका मुलीनं काय अडतंय एवढ्या मोठ्या कामाचं. चहा टाकतो मी आता, कसा का होईना. ...काय? ...कुणाच्या? ...त्या दिवशीच्या सगळ्याच? म्हणजे दुसऱ्या मुलांच्यासुद्धा नळ्या बाजूला ठेवल्या? का पण? त्यांनी काय केलंय?

...म्हणजे सरांना वाटतंय, नळ्यांची अदलाबदल तुमच्या हातून झाली. एक झाली म्हणजे आणखीही झाल्या असतील. आता त्या दिवशीच्या कुठल्याच नळीवर भरवसा नाही.

तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना, की "सर, माझ्याकडून नाही झाली" म्हणून? ...सांगितलंत. ...आणि? ...असं म्हणाले? सर? ते बाकावर बसणारे सर? — काम काढून घेणार? — अहो, रडू नका. रडू नका हो, मला त्यातलं काही सुचत नाही, ही असती तर... हा घ्या रुमाल. धुतलेला आहे. लेन्स पुसायचा आहे, मऊ आहे. पूस, पोरी, पूस डोळे. मी मघापासून मॅडम मॅडम करतोय, हातात सुई असलेल्या माणसाला अगं-तुगं करू नये म्हणून, नाहीतर माझ्या शेंडेफळापेक्षा लहान आहेस तू.

आणि ती पोरं? त्या दिवशी बाकावर आमच्या शेजारी एक बाई होती, एवढंसं पोर घेऊन. त्याची शीर सापडत नव्हती, आत किती वेळ लागला, त्याची आई बाहेर भिंतीला कपाळ टेकून उभी होती. त्याचंही बाजूला ठेवलंय? ...त्याचंही. म्हणजे त्याला टोचलं ते फुकट. आमच्या एकीला सुई नको म्हणून. मला हे सुचलंच नाही गं. देवाशपथ सांगतो, मला त्या बाकावर फक्त माझ्या कोटातलं डोकं दिसत होतं, बाकीची पोरं दिसलीच नाहीत. लाज वाटते मला. नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही, खरंच वाटते.

लाव फोन. लाव सरांना, आत्ताच्या आत्ता. मी बोलतो. म्हातारा खोटारडा आहे म्हणतो, पोरीची चूक नाही. शब्द न् शब्द सांगतो, स्वेटरसकट. ...उचलत नाहीत? मग परत लाव. ...नुसत्या सांगण्यानं भागायचं नाही? का? ...हां. मी तर तुला वाचवायला खोटंही बोलत असेन, असं म्हणतील. बरोबर आहे, माझं तोंड बघून मीही म्हणेन. धाकटीचं रक्त खरोखर वेगळं निघालं, तरच पटेल, की त्या दिवशी नळ्या नाहीत, मुलगी बदलली होती. मग त्या बाकीच्या पोरांच्या नळ्याही सुटतील. म्हणजे शेवटी टोचायचंच. फिरून तिथेच आलो.

नाही जमायचं पोरी. मागशील ते देतो, लेखी देतो, सरांच्या पाया पडतो, पण तिला धरून बसवायला मला सांगू नकोस. धरून बसवणारे हात माझेच असायचे तिकडे. नर्स म्हणायच्या, आजोबा, घट्ट धरा. मी घट्ट धरायचो. ती माझ्याकडे बघायची. आता पुन्हा नाही. तू वाईट नाहीस, मला तुझं वाईट वाटतंय, त्या पोरांचं वाटतंय, पण नाही म्हणजे नाही. ऊठ तू. पेटी घे. मी उद्या येऊन सरांना—

कोण आहे दाराशी? तुला कुणी बोलावलं? किती वेळ उभी आहेस तिथे? ...सगळं ऐकलंस? ...बाही खाली कर. खाली कर म्हणतो ना! थोरले, आता पुरे झाली तुझी नाटकं, मागच्या वेळचं निस्तरता निस्तरता नाकी नऊ आलेत. जा आत. धाकटी कुठाय? ...काय? ...तू? — मला शिकवतेस? माझी नजर आहे, अंधारात ओळखीन. हनुवटी तर वर केलीयेस, मग तू थोर—

थांब. इकडे ये जरा उजेडात. बघ माझ्याकडे.

...कापतेयस की तू. दात वाजताहेत तुझे. थोरली नाही कापत अशी. ...थोरली कुठाय? ...पलंगाखाली? ती कशाला गेली पलंगाखाली? ...तिला बघवणार नाही म्हणून? अगं पण तुला कुणी सांगितलं, बाळा, नको, तुला नाही जमलं तर कुणी काही म्हणणार नाही, मी यांना नाही म्हटलंय, त्या जाताहेत, हो ना पोरी, चालल्याच होत्या त्या... ...त्या पोरासाठी? ते बाकावरचं? तुला आठवतंय ते? माझ्या कोटात तोंड घालून तू...

पोरी, उघड पेटी. हीच ती. या वेळी चेहरा नीट बघून घे, हीच आमची धाकटी. बस राणी, पलंगावर बस. मी धरू? ...नको? धरत नाही. बरं, जवळ बसू? जवळ बसतो. हे बघ, काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं, ताई हलक्या हाताची आहे, थोरलीला दोनदा टोचलं तरी कळलंसुद्धा नाही, आणि तू खिडकीकडे बघ, खिडकीकडे बघितलं की काय होतं, आपल्या दुकानात एकदा एक गृहस्थ आले होते, त्यांना मी म्हटलं, खिडकीकडे बघा, तर ते—

काय म्हणालीस?

...गप्प बसू?

बरं. बसतो.